यंत्रच आकडा काढणार असेल, तर क्लिनिकल बायोकेमिस्ट्री शिकून करायचे काय?

द्राक्षवेल (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार. मी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मुख्य विषय रसायनशास्त्र. पुढे क्लिनिकल बायोकेमिस्ट्री, म्हणजे रक्त, लघवी आणि शरीरातील इतर द्रवांच्या रासायनिक तपासण्यांतून रोगनिदानाला हातभार लावणारा विषय, शिकावा असे मनात आहे. गेल्या महिन्यात वडिलांच्या तपासणीसाठी एका मोठ्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथे काचेपलीकडे यंत्रात एका बाजूने नळ्या जात होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या पडद्यावर आकडे उमटत होते. मधे उभा असलेला मुलगा फक्त बारकोड चिकटवत होता. घरी आल्यावर काका म्हणाले, "हे काम यंत्र करतंय, तू दोन-तीन वर्षं घालवून काय बटण दाबायला शिकणार?" मला उत्तर देता आले नाही. क्रेब्स चक्र आणि एन्झाइमची गतिकी पाठ करून रुग्णाच्या निदानात माणसाने नेमकी कोणती भर घालायची असते, हे या क्षेत्रातल्या लोकांकडून समजून घ्यायचे आहे.

कंदी_पेढा (सोमवार, रात्री ९.३२)

साताऱ्याहून हजेरी. मी या क्षेत्रातला नाही, मी नमुना आहे. उपाशीपोटी शुगर द्यायला निघताना आईने हातावर अर्धा पेढा ठेवला होता आणि "प्रसाद आहे, तो मोजत नाहीत" असे सांगितले होते. यंत्राने तो मोजला. तेव्हा यंत्र प्रामाणिक असते, माणसे नसतात, एवढीच माझी साक्ष.

जुना_कलरीमीटर (सोमवार, रात्री ११.०५)

मी १९९१ पासून सांगलीत प्रयोगशाळेत काम करतो. सुरुवात रंगाची गडदता मोजणाऱ्या कलरीमीटरवर झाली, म्हणून हे टोपणनाव. तेव्हा शुगरसाठी ऑर्थो-टोल्युइडिनची पद्धत होती. नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या, हिरवा रंग यायची वाट पाहायची, आणि ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा वास रात्रीच्या जेवणापर्यंत बोटांना सोबत करायचा. आज तेच काम यंत्र मिनिटांत करते आणि आमच्यापेक्षा चांगले करते, यात वाद नाही. पण काकांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक संध्याकाळ सांगतो.

एका गृहस्थांचा रिपोर्ट पडद्यावर आला: पोटॅशियम ८.९, कॅल्शियम ३.४, अल्कलाइन फॉस्फटेज (एक एन्झाइम) ११. यंत्राने तिन्ही आकडे लाल केले होते. नुकताच लागलेला मुलगा धावत आला, "सर, पेशंट सीरियस आहे, डॉक्टरांना फोन करू का?" पोटॅशियम ३.५ ते ५.१ च्या आसपास असावे लागते; ८.९ ला हृदयाचे ठोके विस्कटतात. कॅल्शियम ३.४ म्हणजे हातापायांत गोळे येऊन आकडी यायला हवी. आणि हे गृहस्थ त्याच वेळी बाहेर काउंटरवर सुट्ट्या पैशांवरून आमच्या मुलीशी हुज्जत घालत उभे होते.

जांभळ्या बुचाच्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असते, आणि ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणूनच रक्त गोठत नाही. मॅग्नेशियम आणि जस्तही धरते, आणि अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला तीच दोन लागतात. तेव्हा एक वाढलेला आणि दोन कोसळलेले असे तीन आकडे एकत्र दिसले, की गडबड रुग्णात नव्हे, बल्बमध्ये शोधायची. मुलाला विचारले, तर त्याने कबूल केले: साध्या बल्बमध्ये रक्त कमी पडले म्हणून जांभळ्या बल्बातले थोडे त्यात ओतले होते. पुन्हा रक्त घेतले; पोटॅशियम ४.३, कॅल्शियम ९.४, फॉस्फटेज ८६. त्या मुलाचे रक्त काढण्याचे कसब उत्तम होते, यंत्रही बिनचूक होते. कमी होती ती बायोकेमिस्ट्रीची.

हळदपेठ (सोमवार, रात्री ११.२०)

"गडबड रुग्णात नव्हे, बल्बमध्ये शोधायची" हे वाक्य प्रयोगशाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावे.

कोयनाकाठ (मंगळवार, सकाळी ७.१५)

मी कराडजवळ वैद्यकीय व्यवसाय करतो, मेडिसिन हा माझा विषय. जुना_कलरीमीटर यांचा किस्सा आवडला, पण त्यावरून "निदान प्रयोगशाळेत होते" असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. निदान रुग्णाशी बोलून, त्याला तपासून होते. तपासणीचा आकडा त्या विचाराला दुजोरा देतो किंवा त्याला खोडून काढतो. विचारच नसेल तर आकडा दिशाभूल करतो.

सध्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजे घेऊन लोक येतात. रिपोर्टातल्या ‘सामान्य मर्यादा’ बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या असतात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांपैकीही वीसात एक त्या मर्यादेबाहेर पडणार, हे मर्यादेच्या व्याख्येतच आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर धडधाकट माणसाचा किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. मागच्या आठवड्यात एक वडील चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाचे अल्कलाइन फॉस्फटेज प्रौढांच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, म्हणून यकृताचा आजार समजून आठवडाभर त्याला तेलकट बंद करून उकडलेल्या भाज्यांवर ठेवले होते. मुलगा वर्षभरात चार इंच वाढला होता. हे एन्झाइम वाढत्या हाडांतूनही येते. रिपोर्टावर मात्र मर्यादा मोठ्या माणसांची छापलेली होती. मुलाला मिसळ खायला सांगून घरी पाठवले.

द्राक्षवेल (मंगळवार, सकाळी ८.४०)

डॉक्टरसाहेब, आपण म्हणता तो विरोध आणि जुना_कलरीमीटर काकांचा किस्सा मला एकाच बाजूचे वाटत आहेत. दोन्हीकडे आकडा बरोबरच होता, त्याचा अर्थ लावणारे कोणी नव्हते. फक्त हा अर्थ प्रयोगशाळेतल्या माणसाने लावायचा की दवाखान्यातल्या, एवढाच फरक राहतो का?

कोयनाकाठ (मंगळवार, सकाळी ८.५५)

दोघांनी मिळून लावायचा. मला अडचण आहे ती फोन न उचलणाऱ्या प्रयोगशाळांची. त्यांनाही माझ्याबद्दल तीच असावी.

माणदेशी (मंगळवार, दुपारी १.३०)

शहरातल्या चर्चेत गावाकडचा मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितो. आमच्या आटपाडीच्या बाजूला काही वर्षांपूर्वीपर्यंत नमुने गोळा करणारा माणूस सकाळी सातला रक्त घ्यायचा, चार-पाच गावे फिरायचा आणि दुपारी एसटीने डबा पाठवायचा. माझ्या वडिलांची शुगर अशा रिपोर्टात सलग दोनदा शंभरच्या आसपास आली. तिसऱ्या वेळी त्यांना प्रत्यक्ष सांगलीला नेले, तेव्हा उपाशीपोटी १३४ निघाली. आधी आम्हाला वाटले की सांगलीचीच प्रयोगशाळा चुकली. मग तिथल्या बाईंनी जे समजावले, ते मला आजही पाठ आहे.

रक्त नळीत आले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या ग्लुकोज खात राहतात. सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा पेशी नसलेला द्रव, वेगळे केले नाही, तर साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होते. तासाला ६ टक्के धरून १३० चा हिशेब करा: चार तासांनी साधारण १०१ उरतात. उपाशीपोटी १२६ आणि त्यावर म्हणजे मधुमेह. म्हणजे मधुमेही माणूस सकाळी आटपाडीतून निघतो आणि दुपारी सांगलीत बरा होऊन उतरतो, तेही औषधाशिवाय. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर घट याहून जास्त.

जुना_कलरीमीटर (मंगळवार, दुपारी ३.१०)

माणदेशींनी हिशेब नेमका मांडला आहे. करड्या बुचाचा फ्लोराइडचा बल्ब यासाठीच असतो; फ्लोराइड ग्लायकोलिसिसमधल्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज तोडण्याच्या प्रक्रियेतल्या, एनोलेज या एन्झाइमला रोखते. द्राक्षवेल, तुम्ही क्रेब्स चक्राआधी जी दहा पायऱ्यांची साखळी पाठ केली असेल, त्यातली ही नववी पायरी. आता विचार करा: नववी पायरी अडवली, तरी ग्लुकोजला फॉस्फेट लावून पुढे ढकलणारी पहिली पायरी लगेच थांबत नाही. म्हणून फ्लोराइडच्या बल्बमध्येही पहिला तास-दीड तास ग्लुकोज घटतच राहते आणि नंतर स्थिरावते. परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिलेली एनोलेजची ओळ इथे एखाद्याला मधुमेही ठरवते किंवा ठरवत नाही.

आणखी एक. ऊन टाळायचे म्हणून कोणी न विलग केलेला नमुना सरळ बर्फात ठेवतात. थंडीत पेशींच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. साखर वाचते, पोटॅशियम बिघडते.

बागाईतदार (मंगळवार, रात्री ८.२५)

मी पलूस भागात द्राक्षे करतो. दोन हंगामांपूर्वी माझ्या चुलतभावाने तोंडाला फडकेसुद्धा न बांधता दुपारच्या वाऱ्यात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची फवारणी केली. संध्याकाळी त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, घामाने बनियन भिजले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. सांगलीला नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतले, पण रिपोर्टाची वाट न पाहता उताऱ्याचे अ‍ॅट्रोपिन सुरू केले. अशा औषधाने शरीरातले जे एन्झाइम बंद पडते, त्या कोलिनेस्टरेजचा आकडा नंतर आला, आणि फारच खाली आला.

माझा प्रश्न असा की, उपचार जर आधीच सुरू होणार असतील, तर ती तपासणी कशासाठी? मी खोचकपणे विचारत नाही. बिल मी भरले होते, म्हणून विचारतो.

प्रीतिसंगम (मंगळवार, रात्री ९.५०)

बागाईतदार, प्रश्न योग्य आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात बायोकेमिस्ट्री शिकवते. त्या डॉक्टरांनी केले ते अगदी बरोबर. विषबाधेची लक्षणे समोर असताना आकड्यासाठी थांबायचे नसते. तपासणीचा उपयोग पुढच्या दिवसांत होतो: शंका पक्की होते, आणि पुन्हा मोजल्यावर आकडा वर येतो आहे की नाही यावरून सुधारणेचा अंदाज येतो.

पण त्या आकड्याला एक खोच आहे. सिरममध्ये मोजतात ते स्यूडोकोलिनेस्टरेज, आणि ते यकृतात तयार होते. मज्जातंतूंच्या टोकाशी खरे काम करणारे अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज वेगळे. ते तांबड्या पेशींवरही असते, पण त्याची तपासणी सगळीकडे होत नाही. त्यामुळे यकृताचा जुना आजार असेल, गरोदरपण असेल किंवा जन्मतःच त्या एन्झाइमचा दोष असेल, तर विषबाधा नसतानाही सिरमचा आकडा कमी येतो. निरोगी माणसामाणसांतही तो बराच बदलतो. म्हणून सतत फवारणी करणाऱ्याचा हंगामापूर्वीचा स्वतःचा आकडा जवळ असणे सर्वांत उपयोगी; छापील मर्यादेत असूनही तो स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा निम्म्यावर आलेला असू शकतो. छाटणीच्या आधी एकदा करून ठेवा, आणि फडके नव्हे, योग्य मास्क वापरा.

बागाईतदार (मंगळवार, रात्री १०.०५)

आभारी आहे. चुलतभावाला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, पुढच्या वेळी फवारणी तू कर.

रोखठोक (बुधवार, सकाळी १०.००)

किस्से चांगले आहेत, पण मुलीने करिअरबद्दल विचारले आहे. वस्तुस्थिती अशी: डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, केली की लगेच काम मिळते. एम.एस्सी. करूनही रिपोर्टावर अंतिम सहीचा अधिकार मिळेलच असे नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये निकाल पदव्युत्तर पदवीधर पॅथॉलॉजी तज्ज्ञांच्या सहीच्या बाजूने लागला. तेव्हा ‘आकड्याचा अर्थ लावणे’ वगैरे ऐकायला छान आहे, पण सही नसलेल्या माणसाचे कोण ऐकतो?

प्रीतिसंगम (बुधवार, दुपारी १२.४५)

रोखठोक यांच्या म्हणण्यातले तथ्य मान्य आहे. सही हा आमचा दुखरा विषय आहे आणि प्रवेश घेण्यापूर्वी द्राक्षवेलने त्याबाबतचे सध्याचे नियम वाचूनच निर्णय घ्यावा. हेही लक्षात घ्यावे की विद्यापीठातली दोन वर्षांची एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री आणि वैद्यकीय महाविद्यालयातली तीन वर्षांची एम.एस्सी. मेडिकल बायोकेमिस्ट्री हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्यात पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियाही शिकावी लागते, आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेशी रोजचा संबंध येतो.

मात्र ‘कोण ऐकतो’ याच्याशी असहमत. सही दिवसाच्या शेवटी होते. त्याआधी सकाळी कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा नमुना, लावून "आज हे यंत्र रुग्णांचे नमुने घेण्याच्या लायकीचे आहे की नाही" हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो.

गणपतीपेठ (बुधवार, सायंकाळी ६.२०)

प्रीतिसंगम मॅडमच्या शेवटच्या वाक्यावर माझा अनुभव. मी तंत्रज्ञ आहे, तेव्हा एका छोट्या प्रयोगशाळेत होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आले, कित्येक दिवस वीज नव्हती. तपासणीच्या रसायनांची किट फ्रीजमध्येच होती आणि फ्रीज बंद होता. पाणी ओसरल्यावर मालक म्हणाले, "एक्स्पायरी पुढच्या वर्षाची आहे, वापरा." वापरली.

एसजीपीटी या यकृताच्या एन्झाइमचे कंट्रोल रोज सकाळ-संध्याकाळ लावायचो. प्रत्येक वेळी आकडा दोन प्रमाणित विचलनांच्या आत, म्हणजे वरवर पाहता उत्तीर्ण. पाचव्या दिवशी, कंट्रोलचे रोजचे आकडे मांडतात त्या लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर ठिपके जोडताना लक्षात आले की दहाच्या दहा ठिपके सरासरीच्या रेषेखाली आहेत. नाणे दहा वेळा उडवून दहाही वेळा काटा पडावा तसे. हा आलेख प्रयोगशाळांत १९५० पासून आहे आणि वेस्टगार्डने १९८१ मध्ये मांडलेल्या नियमांत ‘सलग दहा एका बाजूला’ हा नियम आहे. दोन्ही मला परीक्षेपुरते माहीत होते. या तपासणीत एनएडीएच हे किटमधले एक रसायन किती वेगाने संपते ते ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. उष्णतेने किटमधले एनएडीएच आधीच खराब झाले असेल, तर मोजायचे काय? किट फेकली, पाच दिवसांचे रिपोर्ट पुन्हा तपासले. मालक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सही माझी नव्हती. पेन्सिल माझी होती.

कंदी_पेढा (बुधवार, सायंकाळी ६.४०)

आता मला माझ्या पेढ्याची लाज वाटू लागली आहे.

हळदपेठ (बुधवार, रात्री ९.१५)

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. आमच्याकडे मागच्या वर्षी पुतण्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आजीने ‘कावीळ उतरवणाऱ्या’कडे नेले. त्याने हातांना काहीतरी चोळून चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले, पाणी पिवळे झाले, आणि "निघाली" असे जाहीर झाले. (हळदीच्या पेठेत कोणाचेही हात धुतले तरी पाणी पिवळेच होते, पण ते असो.) मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मुलाची लघवी स्वच्छ झाली, भूक लागली, तरी डोळ्यांचा पिवळेपणा आणि रिपोर्टातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे रंगद्रव्य, दोन-तीन आठवडे रेंगाळले. आजीने त्याचा दोष डॉक्टरांच्या गोळ्यांना दिला.

जुना_कलरीमीटर (बुधवार, रात्री १०.३०)

आजींना सांगा, गोळ्या निर्दोष आहेत. यकृतातून परत रक्तात आलेल्या बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला कायमचा चिकटतो. त्याला डेल्टा बिलिरुबिन म्हणतात. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे, म्हणून चिकटलेले बिलिरुबिनही तितकेच रेंगाळते. ते मूत्रपिंडातून गळत नाही, म्हणून लघवी आधी स्वच्छ होते आणि डोळे मागे राहतात. रोग उतरलेला असतो, आकडा मागून येतो. पाण्याबद्दल बोलायचे, तर चुन्याच्या अल्कलीत रंग बदलणाऱ्या वनस्पती कितीतरी आहेत. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या वासात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या बाबाच्या रसायनशास्त्राबद्दल आदरच वाटतो. आक्षेप फक्त निदानावर आहे.

द्राक्षवेल, आता तुमच्यासाठी एक रिपोर्ट, आमच्याकडचाच. पुरुष, वय ४४, मधुमेह आहे, चालत आला. सोडियम १२१, मर्यादा १३५ ते १४५. एवढे सोडियम घटले तर माणूस गोंधळतो, झटके येऊ शकतात. हा पूर्ण शुद्धीत आणि तक्रार काही नाही. कंट्रोल ठीक, बल्ब योग्य, नमुना अर्ध्या तासात विलग केलेला. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर सिरम दुधासारखे पांढरे होते. सोडियम यंत्र आधी सिरम पातळ करून मग मोजते. डॉक्टरांना काय कळवाल? कोयनाकाठ आणि प्रीतिसंगम यांनी कृपया उत्तर देऊ नये.

कोयनाकाठ (बुधवार, रात्री १०.४५)

ओठ शिवले आहेत.

कंदी_पेढा (बुधवार, रात्री १०.५०)

माझ्या मते तो चितळ्यांकडून थेट आला असावा.

द्राक्षवेल (गुरुवार, रात्री ११.४०)

दिवसभर ग्रंथालयात बसून प्रयत्न केला, चुकले तर सांगा.

दुधासारखे सिरम म्हणजे त्यात ट्रायग्लिसराइड ही चरबी खूप वाढलेली आहे. एरवी प्लाझ्मात सुमारे ९३ टक्के पाणी असते आणि सोडियम त्या पाण्यातच विरघळलेले असते. चरबीने जागा व्यापली, की तेवढ्याच आकारमानात पाणी कमी बसते. यंत्र ठरावीक आकारमान उचलून पातळ करते आणि त्यात नेहमीइतकेच पाणी आहे असे गृहीत धरते, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. रुग्णाच्या पाण्यातले सोडियम प्रत्यक्षात ठीक असते. म्हणून मी "सोडियम १२१" असा रिपोर्ट सोडणार नाही. डॉक्टरांना फोन करून सांगेन की सलाइनची घाई करू नये, ट्रायग्लिसराइड मोजून घेऊ, आणि सोडियम पातळ न करता थेट मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे रक्तवायू तपासणीच्या यंत्रावर, पुन्हा लावू. मधुमेह असल्यामुळे ग्लुकोजही पाहीन, कारण ते फार वाढले असेल तर सोडियम खरोखरही कमी होते.

जुना_कलरीमीटर (शुक्रवार, सकाळी ६.५५)

ग्लुकोज १६८. ट्रायग्लिसराइड प्रचंड वाढलेले. थेट यंत्रावर सोडियम १३७.